पांझरेत गळ टाकायचा तर

धुळ्यात पांझरा नदीवर गळ टाकायची हौस आली की नवखा माणूस आधी दुकान गाठतो. रॉड, रीळ, चकचकीत प्लास्टिकचे मासे घेतो आणि जवळच्या पुलाखाली जाऊन उभा राहतो. दोन तास बोया, म्हणजे दोऱ्याला बांधलेला तरंगणारा तुकडा, हलत नाही. मग पुलावरून कुणीतरी विचारतं, "काही लागनं का भाऊ?" चूक सामानाची नसते, जागेची असते. शहरातल्या नदीत मासा कुठं थांबणार हे गटारं ठरवतात. म्हणून पहिली फेरी रिकाम्या हातानं मारायची. अमळनेरला बोरी असो, चाळीसगावला तितूर असो की भुसावळला तापी, हिशोब तोच.

नदी शहरात शिरते तिथून खाली चालत या आणि नाले कुठं मिळतात ते बघून ठेवा. नाल्याच्या वरच्या अंगाला पाणी जिवंत असतं. खालच्या अंगाला बरंच अंतर ते राखाडी दिसतं, तळाचा गाळ काळा असतो आणि काडीनं ढवळला की सडक्या अंड्याचा वास येतो. असा वास येतो तिथं तळाशी प्राणवायू उरलेला नसतो, आणि तळाला चरणारा मृगळ तिथं थांबत नाही. तिलापिया आणि मांगूर तेवढे तग धरतात. त्यामुळे अशा पाण्यात मासा लागला म्हणून नदी बरी आहे असं समजू नका.

आणखी एक खात्रीची परीक्षा आहे. गुडघाभर पाण्यातला नारळाएवढा दगड उचला आणि लगेच उलटा करा. खालच्या बाजूला चपटे, शेपटीला दोन-तीन केस असलेले किडे पळताना दिसले तर पाणी चांगलं. नुसत्या लाल दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत असतील तर तिथं प्राणवायू कमी आहे, दुसरी जागा बघा. काठावर खंड्या ठरलेल्या फांदीवर येऊन बसत असेल तर खाली बारीक मासळी आहे, आणि बारीक मासळीमागे मरळ असतोच.

बंधाऱ्याचा पायथा ही सगळ्यात भरवशाची जागा. पांझरेवर फड पद्धतीचे, म्हणजे नदीचं पाणी पाटानं शेतांना वाटायच्या जुन्या पद्धतीचे, दगडी बंधारे आहेत. त्यांच्यावरून पाणी कोसळतं तेव्हा त्यात हवा मिसळते, आणि उन्हाळ्यात मासे तिथंच गोळा होतात. फेस संपून पाणी जिथं गुळगुळीत व्हायला लागतं त्या रेषेवर गळ टाका. थेट फेसात टाकला तर बोया दिसत नाही आणि आमिष पाच मिनिटांत धुऊन जातं. बंधाऱ्याच्या भिंतीवर मात्र उभं राहू नका, शेवाळानं ती साबणासारखी झालेली असते.

दशक्रियेचा घाटही माशांना ठाऊक असतो. पिंडाचा भात आणि पीठ पाण्यात पडतं, तिथं मासे हमखास जमतात. तरीही तिथं गळ टाकायचा नाही. लोक दुःखात आलेले असतात, आणि अशा वेळी रीळ फिरवत बसलेला माणूस बघून कुणी बोललंच तर चूक त्याची नाही. शंभर पावलं खाली सरका, वाहून येणारं अन्न तिथंही पोचतं.

हंगामाचं थोडक्यात सांगायचं तर सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर सर्वांत चांगला काळ. पूर ओसरलेला असतो, पाणी निवळत असतं, मासा भुकेला असतो. जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर आठवडाभर नदीकडं फिरकू नका. वर्षभर साचलेला गटारांचा गाळ एकदम नदीत येतो आणि कधी कधी मासे मरून वर येतात. ते उचलून घरी नेणारे लोक दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. जुलै-ऑगस्टमध्ये रोहू, कटला, मृगळ अंडी घालायला प्रवाहावर चढतात. पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्या. याच दिवसांत वरच्या अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं जातं. आकाश कोरडं असतानाही नदी वाढते ती यामुळे. पात्रातल्या खडकावर बसला असाल तर पाण्याच्या कडेला एक खडा ठेवा. खडा बुडाला की सामान आवरून काठावर या, 'आणखी एकदाच टाकून बघू' नको.

हिवाळ्यात धुळ्याचा पारा बराच खाली येतो आणि थंड पाण्यात मासा सुस्त पडतो. अकरा ते चार या वेळेत, ऊन लागलेल्या उथळ बाजूला बसा. उन्हाळ्यात नदीचे तुटक डोह उरतात. तिथं पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून येताना दिसतील. नवख्याला वाटतं, किती भुकेले आहेत! ते भुकेले नसतात, गुदमरलेले असतात. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही प्राणवायू वापरतात, त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी तो सर्वांत कमी असतो. असा मासा आमिषाकडं बघत नाही, आणि लागला तरी सोडल्यावर जगत नाही. ऊन चढून शेवाळ कामाला लागू द्या. एरवी उन्हाळ्यात फक्त आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळानं सोडलेलं पाणी, सुटल्यानंतरचे तीन-चार दिवस बघावेत. ताजं पाणी आलं की मेलेला डोहसुद्धा हलतो.

आता सामान. नवशिक्यानं रीळ घेऊच नये असं आमचं मत आहे. पांझरेसारख्या अरुंद पात्रात मासा बहुतेक वेळा काठापासून दहा-बारा फुटांच्या आतच असतो. बारा फुटांची, टोकाला निमुळती, वाळलेली बांबूची काठी किंवा तेवढ्याच लांबीचा घडीचा रॉड पुरतो. काठीएवढाच तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बांधा, 0.25 मिलिमीटरचा. तो साधारण चार किलोचा ताण सोसतो. जाड तंगूस घेतला की पाण्यात दिसतो आणि गुंडाळीची सवय सोडत नाही, स्प्रिंगसारखा वळलेला राहतो.

गळाचे आकडे उलटे चालतात. आकडा मोठा तितका गळ लहान. तिलापियाला 10 नंबर, रोहू-मृगळला 6, वामेला 4, मरळीला 1/0, म्हणजे 1 नंबरपेक्षाही मोठा. (अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, तेव्हा काठावर कुणी 'गय' मागितला तर गोंधळू नका.) गळ अंगठ्याच्या नखावर टेकवून हलका ओढा. नखावर रुतला तर धार आहे, घसरला तर कानसेनं दोनदा घासा किंवा फेकून द्या. टोकामागचा काटा पकडीनं दाबून सपाट करून ठेवा. मासा सुटेल ही भीती फुकट आहे, दोरा ताणलेला असला की सुटत नाही. सोडताना मात्र त्याचा जबडा फाटत नाही, आणि तोच गळ तुमच्या बोटात गेला तर दवाखाना वाचतो.

गाठ अशी मारा: तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, सुटं टोक मूळ दोऱ्याभोवती सहा वेळा फिरवा, मग डोळ्याजवळ तयार झालेल्या फटीतून परत काढा. आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी गाठ आवळली की घर्षणानं तंगूस तापतो, तिथं पांढुरका पडतो, आणि मोठा मासा नेमका तिथूनच तोडून नेतो. टोक दोन-तीन मिलिमीटर राखून कापा.

बोया विकत मिळतो, पण ज्वारीच्या ताटाचा उत्तम होतो आणि खानदेशात ताटाला तोटा नाही. पूर्ण वाळलेलं, करंगळीएवढं जाड ताट घ्या. दोन पेरांमधला सहा सेंटिमीटरचा तुकडा कापा, वरची चकचकीत साल ब्लेडनं सोलून काढा. आतलं पांढरं भेंड हातात राहील, कापसाइतकं हलकं. त्याला दोन्ही बाजूंनी हलकं टोक करा. भेंड पाणी पितं, म्हणून मेणबत्तीचं मेण वितळवून त्यात दोनदा बुडवा. पहिला थर पूर्ण गार झाल्यावरच दुसरा द्या, नाहीतर फुगे राहतात आणि तासाभरात बोया जड होऊन बुडायला लागतो. वरच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावा. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळते, तिचे चार मिलिमीटरचे दोन तुकडे करा. तंगूस दोन्ही तुकड्यांतून ओवा आणि बोयाच्या दोन टोकांवर ते चढवा. आता बोया हातानं वर-खाली सरकतो आणि सोडला तिथं थांबतो.

गळापासून वीतभर वर शिशाची गोळी दाबून बसवा. ती इतकीच जड हवी की पाण्यावर बोयाचं लाल टोक जेमतेम सेंटिमीटरभर दिसावं. बोया आडवा पडत असेल तर शिसं कमी आहे. अर्धा बोया पाण्यावर उभा राहिला तरी शिसं कमीच. रोहू हा संशयी मासा आहे. आमिष ओढताना त्याला बोयाचा विरोध जाणवला की तो ते थुंकतो, आणि तुम्हाला वर फक्त एक हलकी उचकी दिसते.

आमिषाला गांडूळ सगळ्यांना चालतं. उकिरड्याजवळच्या ओल्या मातीत लाल, चपळ गांडुळं मिळतात, ती घ्या. मोठी, फिकट, शेतातली गळावर लगेच मरून लोंबतात. ओल्या मातीसकट मडक्याच्या खापरात किंवा कापडी पिशवीत सावलीला ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात उन्हात ठेवली तर अर्ध्या तासात त्यांचं सूप होतं.

रोहू-मृगळसाठी मात्र कणीक. तिचं माप: गव्हाचं पीठ 100 ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचा बारीक कूट 50 ग्रॅम, सुपारीएवढा गूळ पाव वाटी पाण्यात विरघळवून. ते पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. मग खरी गोष्ट: कापूस. सरकी काढलेल्या कापसाचं एक बोंडभर पिंजून, अगदी विरळ करून, कणकेवर पसरा आणि पुन्हा पाच मिनिटं मळा. धागे कणकेत जाळं धरतात आणि गोळी पाण्यात सुटत नाही. कापूस जास्त झाला तर गळाचं टोक त्यात अडकतं आणि माशाच्या तोंडात शिरत नाही, म्हणून गोळी तोडताना धागे दिसले तर कापूस जादा झालाय, पीठ वाढवा. ओल्या फडक्यात पंधरा मिनिटं मुरू द्या. निघण्यापूर्वी हरभऱ्याएवढी गोळी गळावर लावून बादलीत सोडा. दहा मिनिटांनी ती टिकलेली हवी आणि बोटानं दाबल्यावर मऊ लागायला हवी.

हिंग, बडीशेप, वेलची, कुणाचं अत्तर, नदीकाठी प्रत्येकाचा एक गुप्त मसाला असतो. त्यानं फार फरक पडतो असं नाही. तंबाखू मळलेल्या किंवा पेट्रोल लागलेल्या हातांनी मात्र आमिष हाताळू नका, काठावरच्या चिखलानं हात चोळून धुवा.

जागेवर आधी खोली मोजा. गळाला तात्पुरती एक जड शिशाची गोळी लावून पाण्यात सोडा. बोया बुडाला तर तो वर सरकवा, सैल पडला तर खाली. टोक नेमकं पाण्यावर आलं की तेवढी खोली. मृगळसाठी आमिष तळाला टेकलेलं हवं, रोहूसाठी तळापासून वीतभर वर, तिलापियासाठी मधल्या पाण्यात. पहिल्या तासात काहीच लागलं नाही तर आमिष बदलण्याआधी खोली बदलून बघा.

मासा जमवायला शेंगदाण्याची ढेप (पेंड) पाव किलो, दोन तास भिजवून, त्यात थोडी नदीची माती मिसळून लिंबाएवढे गोळे करा. चार गोळे एकाच ठिकाणी टाका, नंतर अर्ध्या तासानं एक. लोक इथं हात सैल सोडतात आणि किलोभर ढेप ओततात. माशांचं पोट भरतं, उरलेली ढेप सडते आणि आधीच प्राणवायूची वानवा असलेल्या डोहात तो आणखी कमी होतो. दुसऱ्या दिवशी तीच जागा ओस पडलेली दिसेल.

बोया वाचायला मात्र बसावंच लागतं. थरथर, टिकटिक चालली असेल तर बारीक मासळी कणीक कुरतडतेय, ओढू नका. तिलापिया बोया दोन-तीनदा खाली दाबतो आणि मग तिरका पळवतो, तो तिरका गेला की मनगटानं झटका द्या. मृगळ तळातून आमिष उचलतो तेव्हा शिशाचं वजन निघून जातं आणि बोया बुडायच्या ऐवजी वर येऊन आडवा पडतो. बरेच जण याला 'काही झालं नाही' समजतात. तोच ओढायचा क्षण. वाम अंधार पडताना लागते. बोया सावकाश, न थांबता खाली जातो, जणू कुणी हातानं ओढतंय. तिला दगडात शिरायला वेळ दिलात तर गळ गेला. झटका म्हणजे मनगटाचा हिसका, खांद्याचा नव्हे. खांद्यानं ओढलेली बारा फुटी काठी लहान मासा थेट मागच्या वेड्या बाभळीत नेऊन अडकवते.

मरळीची तऱ्हा वेगळी. ती हवेत श्वास घेते, म्हणून शांत कडेला 'डुप' असा आवाज करून वर येते. जिवंत बेडूक लावायची पद्धत आहे, ती सोडा. रबरी बेडूक जलपर्णीच्या कडेकडेनं ओढला तर तेच काम होतं. पाण्यात नारिंगी-तांबूस पिल्लांचा घोळका उकळल्यासारखा दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात आणि रागानं कशावरही तुटून पडतात. त्यांना पकडणं सोपं आहे आणि म्हणूनच टाळावं. राखण गेली की तो सगळा घोळका तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो.

मासा लागला की काठी उभी ठेवा आणि त्याच्या बरोबरीनं काठानं चाला. काठी माशाच्या दिशेला झुकू दिलीत तर सगळा ताण तंगुसावर येतो. तो कुशीवर वळला की दमला. झोळी (दांड्याची जाळी) आधीच पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावर आणा, झोळी घेऊन माशामागे धावू नका. हात ओले करूनच धरा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढं बुरशीनं मरतो. गळ घशात गेला असेल तर उचकू नका, तंगूस तोंडाजवळ कापा.

काटे सांभाळा. तिलापियाचा पाठीवरचा पर शेपटीकडून दाबला तर बोटात शिरतो, डोक्याकडून हात फिरवत तो निजवा. शिंगाळ्याचे छातीचे दोन आणि पाठीचा एक काटा विषारी असतो. टोचला तर हात तासभर ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला की कळ उतरते. जखम कसलीही असो, गटाराचं पाणी मिसळलेली नदी आहे हे विसरू नका. साबणानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचं आवर्जून सांगा. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यांना त्यावरूनच येते.

शहराच्या नदीत गळ अडकायची ठिकाणंही शहरी असतात. अनंत चतुर्दशीनंतर मूर्तींचे पाट आणि तारा, संक्रांतीनंतर मांजा, बारा महिने बेशरमाच्या मुळ्या. गळ अडकला तर सरळ ओढू नका, दोन-चार पावलं बाजूला जाऊन उलट दिशेनं ओढा, निम्म्या वेळा सुटतो. पुलाजवळ आधी वर बघा. विजेच्या तारा असतील तर तिथं थांबू नका, कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

परवानगीचं म्हणाल तर जवळपासचे तलाव आणि धरणं बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात. तिथं त्यांना विचारल्याशिवाय बसलात तर तो चोरीचाच प्रकार. नदीचा पट्टाही कुणाकडं आहे का, ते काठावरच्या भोई-कोळी मंडळींना विचारून घ्या. तेच दादा-काका कुठं पाणी खोल आहे हेही सांगतात. सुरुंग आणि विष यांवर 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. कुणी करताना दिसलं तर जवळ जाऊ नका, पोलिसांना कळवा.

खायचं की नाही? शहराच्या वर, नाल्यांच्या आधी धरलेला, कल्ले लाल आणि डोळे फुगीर असलेला मासा काळ्या मसाल्याच्या रश्श्यात घालायला हरकत नाही. नाल्यांच्या खालचा अजिबात नको. शिजवल्यानं जंतू मरतात, जड धातू आणि रसायनं तशीच राहतात. मांसाला रॉकेल-फिनेलचा वास येत असेल तर मांजरालाही घालू नका. नुसता मातकट वास येत असेल तर तो शेवाळाचा, चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवला की जातो.

सोडायचं असेल तर देशी मासा सोडा. तिलापिया 1952 मध्ये बाहेरून आणलेला आहे आणि देशी माशांची जागा खातो. तो आणि मिशीवाला थाई मांगूर लागला तर नदीत परत टाकू नका, दुसऱ्या तळ्यात तर मुळीच नेऊन सोडू नका.

उठताना तुटलेला तंगूस बोटांभोवती गुंडाळून घ्या, घरी कात्रीनं इंचाइंचाचे तुकडे करून मग कचऱ्यात टाका. लांब तसाच टाकला तर तो उडत पुन्हा नदीवर येतो आणि बगळ्याच्या पायात गुंततो. गळ वर्तमानपत्रात गुंडाळून एक दिवस सुकवा. ओले तसेच डबीत ठेवले तर पुढच्या रविवारी नखाच्या परीक्षेत एकही पास होणार नाही.